डिकीतली बंद पेटी

डिकीचं माप घेऊन सबवूफरची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरची, पेटी बांधून देणारं एक दुकान पुण्यात नाना पेठेत होतं. अलीकडे तिथं गेलो तर आत सीट कव्हरं, डॅशकॅम आणि सुगंधाच्या बाटल्या. पेटीचं विचारलं, तर गल्ल्यावरच्या मुलानं सीटखाली सरकवायचा एक तयार डबा पुढं केला. डब्यावर ठळक अक्षरांत ‘1200 वॅट’. दुकान बदललं याचं वाईट वाटलंच. पण त्या आकड्याचा राग जास्त आला. मापानं पेटी बांधण्याचा सगळा धंदा असल्याच आकड्यांनी खाल्ला.

ऐंशी आणि नव्वदच्या दशकांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मारुती 800 मध्ये कॅसेटचा टेप, मागच्या फळीवर ‘सहा बाय नऊ’चे अंडाकृती स्पीकर, आणि वळणावर करकरणारी ती फळी. डग्ग्याचा घुमारा त्यातून यायचाच नाही, नुसती टिपरी ऐकू यायची. लोकांना ते चालत होतं.

खरा काळ 2000 ते 2010 चा. सँट्रो, इंडिका, मग 2005 मध्ये स्विफ्ट अशा गाड्या मध्यमवर्गाच्या हाती आल्या. टेपच्या जागी सीडी प्लेअर बसू लागला आणि त्याच्या पाठीमागं सबवूफरसाठी स्वतंत्र आउटपुट असायचं. तापकीर गल्लीत केबल, फ्यूज, टर्मिनल मिळायचं. टिंबर मार्केटात एमडीएफची फळी कापून मिळायची. ‘जोगवा’ आणि ‘नटरंग’ची गाणी याच दशकाच्या अखेरीस आली, आणि चामड्याच्या वाद्यांचा खालचा सूर गाडीत नीट लागला पाहिजे असं वाटणारे बरेच जण तेव्हा भेटत.

अडचण जागेची होती. डिकी छोटी, आणि घरच्यांचं म्हणणं रास्त होतं: गावाला जाताना बॅगा कुठं ठेवायच्या? त्यावर उतारा होता उथळ, बंद पेटी. बंद म्हणजे चारी बाजूंनी हवाबंद, भोक नाही, नळी नाही. ही कल्पना 1954 ची. अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी एआर-1 हा स्पीकर काढला आणि पेटीत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं. स्पीकरचा शंकूसारखा पडदा, म्हणजे कोन, बाहेर गेला की आतली हवा त्याला मागं ओढते, आत आला की बाहेर ढकलते. तोवर खोल बेससाठी कपाटाएवढी पेटी लागते असा समज होता, तो इथं मोडला. पुढं ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी सगळं गणितात बसवलं, म्हणून वूफरच्या कागदावर एफएस (मोकळ्या वूफरची अनुनादाची वारंवारता), क्यूटीएस (त्याचा अनुनाद किती आवरलेला आहे, म्हणजे त्याचा क्यू) आणि व्हीएएस (त्याच्या लवचीकतेइतकी हवा, लिटरमध्ये) हे आकडे छापून येऊ लागले.

ते गणित सातवीतल्या मुलालाही करता येईल. व्हीएएसला पेटीच्या आतल्या लिटरनं भागा, त्यात एक मिळवा, वर्गमूळ काढा. त्या संख्येनं क्यूटीएसला गुणलं की पेटीत बसवलेल्या वूफरचा क्यू मिळतो, एफएसला गुणलं की त्याची नवी अनुनादाची वारंवारता. वूफरचा एफएस 30 हर्ट्झ, क्यूटीएस 0.5, व्हीएएस 30 लिटर आणि पेटीही 30 लिटरची असेल, तर क्यू येतो 0.707 आणि वारंवारता सुमारे 42 हर्ट्झ. 0.707 ला बेस सपाट राहतो, फुगत नाही. बेस गिटारची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झवर वाजते. म्हणजे तीही हाताशी आली.

आणि 30 लिटरला उंच पेटी लागत नाही. 50 हर्ट्झची ध्वनिलहर जवळजवळ सात मीटर लांब असते, त्यामुळे पेटी चौकोनी आहे की चपटी याचं तिला काही पडलेलं नसतं. तिच्या लेखी महत्त्व फक्त आतल्या लिटरला. बाहेरून 800 बाय 400 बाय 150 मिलिमीटर आणि फळी 18 ची धरली, तर आत 31.7 लिटर मिळतात. वूफरचा लोहचुंबक आणि आधाराची पट्टी वजा केली की तीसच्या आसपास. दीडशे मिलिमीटर म्हणजे सहा इंचांपेक्षा कमी. मागच्या सीटच्या पाठीला ही पेटी उभी लावली की बॅगा जशाच्या तशा राहायच्या. दशकाच्या मध्यात पायोनियरसारख्या कंपन्यांनी कमी खोलीचे वूफर आणले आणि हे खरोखर जमू लागलं.

मी ज्यांच्याकडून पेटी बांधून घेतली ते सुतारकाका मूळचे किचन ट्रॉल्या करणारे. वूफरशी त्यांचा संबंध नव्हता. पण सांधा म्हणजे काय हे त्यांना दुकानदारांपेक्षा जास्त कळायचं. एमडीएफच्या कडेत स्क्रू थेट घातला तर कड फुगून फाटते, म्हणून ते आधी बारीक ड्रिल मारत. सांध्याला फेव्हिकॉल सढळ हातानं, आणि बाहेर आलेला थर बोटानं आतल्या कोपऱ्यात फिरवून घ्यायचा. चपट्या पेटीत समोरच्या आणि मागच्या दोन मोठ्या फळ्या एकमेकींसमोर येतात, आतली हवा दाबली गेली की त्याच थरथरतात. काकांनी न सांगता दोन्हींच्या मध्ये सागाची पट्टी ठोकली. ‘अहो, एवढी मोठी फळी मधे आधाराशिवाय कशी राहील?’ सिलिकॉन लावल्यावर आंबट वास पूर्ण जाईपर्यंत वूफर बसवायचा नाही, ती वाफ वूफरच्या डिंकाला बाधते. उशीत भरतात तो रेक्रॉनचा कापूस पिंजून सैल भरायचा, त्यानं पेटी हवेच्या लेखी थोडी मोठी होते. शेवटी वूफर हळू वाजवून काका पेटवलेली उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून फिरवायचे. धूर सरळ वर गेला तर ठीक; एका जागी तो फुरफुरला, की तिथं गळती.

अशी पेटी छोट्या गाडीत का शोभते, हे सांगायला दुकानदार कधीच तयार नसत. बंद पेटीचा आवाज तिच्या वारंवारतेखाली प्रत्येक सप्तकाला 12 डेसिबलनं उतरतो. इकडं गाडीच्या बंद केबिनमध्ये साधारण 70 हर्ट्झखाली हवेचा दाब जवळपास तेवढ्याच चढणीनं वाढत जातो. दारं-काचांतून काही वाया जातं, पण बराचसा उतार गाडी स्वतः भरून काढते. पैसे न मोजता मिळणारा हा बेस होता. तरीही बाजारानं लोकांच्या गळ्यात नळीवाल्या पेट्या मारल्या, कारण दुकानाबाहेर उभ्या गाडीत त्या जोरात धडधडतात. नळीची पेटी मुळात वाईट नाही. पण नळीची लांबी-रुंदी वूफर पाहून काढावी लागते आणि ते कष्ट कोणी घेत नव्हतं. सगळ्या गाड्यांना एकच पेटी, त्यामुळे पखवाज असो की बेस गिटार, सगळं एकाच सुरात ‘ढूम’. लोकांनी तोच बेस मानला.

वॅटच्या आकड्यांबद्दल तर मला आजही कळवळून सांगावंसं वाटतं: अँप्लिफायरवरचा फ्यूज वाचा. 20 अँपिअरचा फ्यूज आणि चालू गाडीतले 13.8 व्होल्ट यांचा गुणाकार 276 वॅट. बॅटरीतून सलग तेवढंच घेता येतं, त्यातलं काही उष्णतेत जातं, आणि डब्यावर छापलेले असतात 1200. अमेरिकेत 2003 मध्ये खरी ताकद मोजण्याचं सीईए-2006 हे मानक आलं, 14.4 व्होल्ट, 4 ओहम, एक टक्का विकृती. ते पाळणारी कंपनी लहान आकडा छापायची आणि आमच्याकडं तिचाच माल पडून राहायचा. प्रामाणिक आकडा विकला जात नाही हे दुकानदारांनी मला तोंडावर सांगितलं आहे.

नळीवाल्या पेट्यांच्या त्या धडधडीमुळे दुसरंही नुकसान झालं. गाडीत सबवूफर म्हणजे टवाळखोरी, असं समीकरण पक्कं झालं. काचा बंद करून, मध्यम आवाजात, नीट लागलेला खर्ज ऐकणाऱ्या माणसाकडेही सिग्नलवर लोक संशयानं पाहू लागले. हे मला फार लागलं.

2010 नंतरची वर्षं भराभर उलटली. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा अबकारी कर 2006 मध्ये 24 वरून 16 टक्क्यांवर आला होता, त्यापायी सेडानच्या डिक्या छाटल्या गेल्या. स्विफ्ट डिझायरची डिकी 2008 मध्ये 440 लिटरची होती, 2012 ला 316 ची झाली. मग सीएनजीची टाकी आली आणि उरलीसुरली जागा तिनं घेतली. टेप काढून दुसरा बसवण्याचीही सोय राहिली नाही. पडदा, एसीची बटणं, मागचा कॅमेरा सगळं एकात. यंदा घेतलेल्या गाडीत सबवूफरची तार कुठून घ्यायची असं विचारलं, तर विक्रीवाल्यानं वायरिंगला हात लावलात तर वॉरंटी गेली एवढंच सांगितलं.

तरी एक वाट दिसते. टाटांनी 2023 पासून अल्ट्रोझ आणि नंतरच्या सीएनजी गाड्यांत दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाखाली नेल्या. वरची जागा मोकळी राहते, पण उंची कमी; म्हणजे नेमकी चपट्या पेटीची जागा. पडद्यामागं सबवूफरच्या आउटपुटची एक जोडी आणि सीटच्या पाठीला दोन बोल्टची भोकं, एवढं कारखान्यातूनच मिळालं तर 18 ची फळी, 30 लिटर आणि एक बरा सुतार आजही पुरेल. कंपन्यांनी हे द्यावं, आणि डब्यावरच्या आकड्यासोबत तो कसा मोजला हे छापायची सक्ती सरकारनं करावी.