नागपूरच्या उन्हात शोधलेले वीस अंश

सिनेमातली डार्करूम तुम्ही पाहिली असेलच. लाल दिवा, ट्रेमध्ये तरंगणारा कागद आणि त्यावर हळूहळू उमटणारा चेहरा. मीसुद्धा तेवढंच पाहून कामाला लागले होते. मे महिन्यात, नागपुरात, घरच्या बाथरूममध्ये. हसू नका.

झालं असं की महालातला आमच्या आजोळचा वाडा विकला गेला आणि जूनमध्ये तो पाडणार होते. मामाचा जुना फिल्म कॅमेरा कपाटात सापडला. वाटलं, वाड्याचे पहिले फोटो यानंच काढलेत, तर शेवटचेही यानंच काढू. ब्लॅक अँड व्हाइटचे दोन रोल मागवले आणि मोबाइल मुद्दाम बॅगेत ठेवला. एका रोलमध्ये ३६ फोटो, बस्स. ओसरी, माडीचा जिना, देवघराला कुलूप लावणारी आजी, सगळं पहिल्या रोलमध्ये होतं.

तो रोल मी घालवला. डेव्हलपरच्या पाकिटावर २० अंश सेल्सिअस असं स्पष्ट लिहिलं होतं. मला वाटलं, ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ टाइपची सूचना असेल. भरदुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून घेतलं, पावडर विरघळवली आणि फिक्सर मात्र शहाणपणा करून फ्रिजमध्ये ठेवला. टाकीतून बाहेर आली ती काळीकुट्ट पट्टी. बोट लागलं तिथे वरचा थरच सुटून हातात आला.

सीताबर्डीत पूर्वी स्टुडिओ चालवणाऱ्या एका काकांकडे ती पट्टी घेऊन गेले. त्यांनी ती उजेडात धरली आणि एवढंच विचारलं, “बेटा, पाण्यात बोट तरी घालून पाहिलं होतं का?”

फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीचे क्षार. प्रकाश पडलेल्या क्षारांची डेव्हलपर काळी चांदी करतो. पाणी जितकं गरम, तितकं हे काम झपाट्यानं होतं. फार गरम असेल तर प्रकाश न पडलेला भागही काळवंडतो. वर जिलेटिन फुगून मऊ होतं, आणि गरमातून एकदम थंडात टाकलं की त्याला सुरकुत्या पडू शकतात. इलफर्डची एचपी५ प्लस फिल्म कोडॅकच्या डी-७६ मध्ये, पाणी न मिसळता, २० अंशांवर साडेसात मिनिटं ठेवतात. २४ अंशांवर हाच वेळ पाच मिनिटांच्या आसपास येतो. त्याहून कमी वेळात डेव्हलपर सगळीकडे सारखा लागेलच असं नाही, डाग येतात. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात सगळ्यात महत्त्वाचं उपकरण कॅमेरा नाही, थर्मामीटर आहे.

मग पाणी थंड कसं करायचं? बर्फ थेट रसायनात टाकायचा नाही, ते पातळ होतं. बर्फ टबात, बाटल्या त्या पाण्यात. पण काकांनी त्याहून सोपी जागा सांगितली, कूलरची टाकी! आपला मे कोरडा असतो, त्यामुळे चालू कूलरचं पाणी बाष्पीभवनानं छान गार होतं. (पावसाळ्यात ही आयडिया फेल.) डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचं पाणी, सगळ्याच बाटल्या तिथे ठेवायच्या, म्हणजे तापमान सारखं राहतं.

बाकी सामान फार नाही. रिळासकट डेव्हलपिंग टँक, मापाचा जार, झाकणाच्या बाटल्या, कपड्यांचे चिमटे आणि चेंजिंग बॅग, म्हणजे हात घालायला दोन बाह्या असलेली काळी पिशवी. रिळावर फिल्म चढवणं हे खरं दिव्य. आधी वाया गेलेल्या रोलवर डोळे मिटून सराव करा. माझ्याकडे तसा रोल होताच.

आणि तो लाल दिवा? आजच्या बहुतेक फिल्मला लाल रंगही दिसतो, त्यामुळे फिल्मसाठी मिट्ट काळोखच लागतो. लाल दिवा चालतो तो प्रिंटच्या कागदाला. दादासाहेब फाळक्यांच्या काळातली बहुतेक फिल्म लाल प्रकाशाला आंधळी होती. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं ही कामं सरस्वतीबाई फाळके दादरच्या घरी करत. घरचा स्वयंपाक होताच. त्यांचं नाव परीक्षेत कुणी विचारत नाही.

पुढे देशातच फिल्म बनावी म्हणून १९६० मध्ये उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी निघाली. तिची ‘इंदू’ फिल्म काकांनी भरपूर वापरली. ती बंद पडली. आता रोल मागवताना खिसा आधी तपासा.

फिक्सर मात्र जपून वापरा. कापलेला फिल्मचा तुकडा त्यात टाका आणि तो पारदर्शक व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवा. ताज्या फिक्सरपेक्षा दुप्पट वेळ लागायला लागला, की तो संपला. संपलेल्या फिक्सरमध्ये विरघळलेली चांदी असते, म्हणून नालीत ओतू नका. धुण्यासाठीही नळ सोडून ठेवायची गरज नाही. टँक भरा, पाच वेळा उलटसुलट करा, ओता. मग दहा वेळा, मग वीस वेळा. तीन टँक पाण्यात काम होतं.

दुसरा रोल मी पहाटे पाचला धुतला. कूलरमधल्या बाटल्या थर्मामीटरनं २४ अंश दाखवत होत्या. हात थरथरत होते, थंडीनं नव्हे. एकतीस फ्रेम नीट आल्या. देवघर पहिल्या रोलबरोबर गेलं ते गेलंच, पण एका फ्रेममध्ये आजी दिंडी दरवाज्यात उभी आहे.

त्याची प्रिंट अजून व्हायची आहे. काकांचा एन्लार्जर चादरीखाली आहे आणि लेन्सला बुरशी लागलीय, ती पुसून पाहू. मल्टिग्रेड कागद घ्यायचा ठरलंय. त्यात फिल्टर बदलून एकाच पाकिटातून फिकट किंवा ठसठशीत प्रिंट काढता येते, नवशिक्यांना तेच परवडतं. पण काका म्हणतात, उघड्या ट्रेचं काम डिसेंबरात करू, तेव्हा नळाचं पाणीच वीसच्या जवळ असतं.

तोवर आजीनं निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरून बराच वेळ पाहिली. म्हणाली, “अगं, यात माझे केस काळे आहेत!”