आत्याचं स्फुरद अडकलं कुठं?

समजा, तुमचा मामा रत्नागिरीकडे राहतो आणि आत्या परभणीकडे. मृगाच्या तोंडावर दोघांनीही रॉक फॉस्फेटची एकेक गोणी आणली. खत तेच, पैसे तेवढेच. मामानं ते आंब्याच्या कलमांना घातलं, आत्यानं कपाशीला. कलमांना ते लागू पडलं. कपाशी मात्र होती तशीच! आत्याचे पैसे पाण्यात गेले का?

पाण्यात नाही हो, मातीत अडकले. रॉक फॉस्फेट म्हणजे चक्क खडकाचं पीठ. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा इथं या खडकाची मोठी खाण आहे. त्यात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, असतं. पण ते साध्या पाण्यात विरघळत नाही. त्याला आंबट माती लागते. कोकणात धो धो पावसानं मातीतला चुना वाहून जातो, म्हणून तिथली जांभ्याची माती आंबट, म्हणजेच आम्लधर्मी. तिच्यात हे पीठ हळूहळू विरघळतं. परभणीच्या काळ्या मातीत मुळातच चुनखडी. तिथं ते नुसतं पडून राहतं. (मामानंही भाताला मात्र हे घालून निर्धास्त राहू नये. चार महिन्यांच्या पिकाला इतकी वाट बघायला वेळ कुठला?)

मग आत्यानं काय घालावं? सुपर फॉस्फेट! इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ साली त्याचं पेटंट घेतलं. युक्ती सोपी: खडकावर गंधकाम्ल ओतायचं. मातीला न जमणारं काम कारखान्यातच उरकायचं! या खतात स्फुरद १६ टक्के, डीएपीत ४६. म्हणजे डीएपीच भारी? थांबा. सुपर फॉस्फेटमध्ये गंधकही असतं, आणि सोयाबीन-भुईमुगाला तेलासाठी ते हवंच असतं. डीएपीच्या गोणीत ते नसतं.

पण विरघळलेलं स्फुरदही मोकळं राहत नाही. काळ्या मातीत चुना त्याला धरतो, जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियम. शिवाय ते जागचं फारसं हलत नाही. म्हणून खत रानभर फेकण्यापेक्षा पेरतानाच बियाण्याजवळ, जरा खाली पडेल असं द्यावं.

आणि आत्याच्या रानात अडकलेलं स्फुरद? रब्बीत तिनं हरभरा पेरला, तर त्यातलं थोडं सुटेल. हरभऱ्याच्या पानांवरची आंब तुम्ही चाखली असेलच. त्याची मुळंही मातीत आम्ल सोडतात. त्यात सायट्रिक आम्ल असतं, अगदी लिंबातलंच! चुन्यानं धरून ठेवलेलं स्फुरद ती त्याच्या जोरावर सोडवून घेतात.