अडुसष्ट नंबरचा यागर

क्लाद्नो हे प्रागपासून पंचवीसेक किलोमीटरवरचं गाव. कोळशाच्या खाणी आणि पोल्डीचा पोलाद कारखाना ही त्याची जुनी ओळख. याच परिसरात यागर घराण्याची शेती होती. चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांची सत्ता आली, जमिनी सरकारजमा झाल्या, आणि कालपर्यंत आपल्याच असलेल्या शेतात फुकट राबायला नकार दिला म्हणून घरातल्या कर्त्या पुरुषाला तुरुंगात जावं लागलं. 1968 मध्ये ते वारले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले. त्या कर्त्या पुरुषाचा नातू यारोमिर जन्मला तो 15 फेब्रुवारी 1972 ला. आजोबांना त्याने पाहिलंही नाही, पण पुढे आईस हॉकीच्या जर्सीवर आकडा निवडायची वेळ आली तेव्हा त्याने 68 हाच घेतला. शाळेत असताना तो वहीत रोनाल्ड रेगनचा फोटो बाळगायचा, यावरून घरातलं वारं कुठल्या दिशेचं होतं ते कळावं.

त्या देशात आईस हॉकी हा नुसता खेळ नव्हताच. रणगाडे आल्यानंतर काही महिन्यांनी, मार्च 1969 मध्ये, स्टॉकहोमच्या जागतिक स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत संघाला दोनदा हरवलं. काही खेळाडूंनी आपल्या जर्सीवरचा लाल तारा चिकटपट्टीने झाकला होता. दुसऱ्या विजयानंतर प्रागमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि एरोफ्लोतच्या कार्यालयाची मोडतोड झाली.

अशा देशातून तरुण खेळाडूला अमेरिकेत खेळायला जायचं तर एकच वाट होती, पळून जाण्याची. पेत्र नेद्वेद कॅनडातल्या एका स्पर्धेला आला आणि तिथेच राहिला, ते 1989 च्या जानेवारीत. त्याच वर्षाअखेर प्रागमधली राजवट कोसळली. त्यामुळे जून 1990 मध्ये व्हँकुव्हरला नॅशनल हॉकी लीगची खेळाडू-निवड झाली तेव्हा अठरा वर्षांचा यागर सरळ पासपोर्ट घेऊन हजर होता. पळून न जाता या निवडीला येऊन बसलेला तो पहिलाच चेकोस्लोव्हाक. पिट्सबर्ग पेंग्विन्सने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं. किस्सा असा सांगतात, की आधीच्या चार संघांना त्याने इतक्यात यायचं नाही असं कळवलं होतं; मारिओ लेम्यूच्या पिट्सबर्गला मात्र लगेच होकार दिला. खरंखोटं तोच जाणे, पण त्याला पिट्सबर्गच हवं होतं हे नक्की.

भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही. पोरगं घरच्या आठवणीने पार मिटून गेलं. संघाने त्यावर उपाय काढला तो असा, की डिसेंबर 1990 मध्ये यिर्झी हर्दिना या अनुभवी चेक खेळाडूला कॅलगरीकडून अदलाबदलीत आणलं. हर्दिना आला आणि यागर खुलला. 1991 आणि 1992 अशी लागोपाठ दोन वर्षं लीगच्या विजेत्याचा करंडक, स्टॅनली कप, पिट्सबर्गकडे गेला.

इथे फॉरवर्डचं काम नेमकं काय ते पाहायला हवं. बर्फावर एका वेळी सहा जण असतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन फॉरवर्ड. तिघांतला मधला सेंटर, बाकी दोघे विंगर. यागर राइट विंगर. फॉरवर्ड पाऊण मिनिट जीव तोडून धावतो आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून उडी मारून बाकावर परततो. त्याच्या जागी ताज्या दमाचा भिडू उतरतो. हाच फेरा रात्रभर. भरवशाचा फॉरवर्डही साठ मिनिटांच्या सामन्यात बर्फावर असतो तो वीसेक मिनिटं. गोल केला तर एक गुण, गोलासाठी पास दिला तरी एक गुण. फॉरवर्डची किंमत ठरते ती या बेरजेवर.

1992 च्या अंतिम मालिकेतला पहिला सामना. शिकागो 4-1 ने पुढे होता, पिट्सबर्गने दोन गोल करत 4-3 पर्यंत गाठलं होतं. शेवटची काही मिनिटं उरलेली. यागरने कठड्याजवळ पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, हिसकावला आणि लाल जर्सींच्या गर्दीत शिरला. एकाला आत झुकवून बाहेरून काढला, दुसऱ्याच्या स्टिकखालून पक सरकवला, तिसरा वळेपर्यंत हा गोलसमोर पोचलेला. मग उलट्या हाताने गोलरक्षक बेलफोरच्या बाजूने पक आत. बरोबरी. तेरा सेकंद बाकी असताना लेम्यूने विजयी गोल केला. पण त्या रात्रीची आठवण निघते ती वीस वर्षांच्या त्या लांबकेशी पोराच्या गोलाची.

नव्वदचं दशक त्याने गाजवलं. 1995-96 च्या हंगामात 62 गोल आणि 87 पास, एकूण 149 गुण. सर्वाधिक गुणांचं बक्षीस पाच वेळा, त्यातलं 1998 ते 2001 सलग चारदा. पहिल्या खेपेला, 1995 मध्ये, एरिक लिंड्रॉसचे आणि त्याचे गुण सारखेच, सत्तर-सत्तर होते. गोल तीन जास्त म्हणून मान याला मिळाला. मध्ये 1998 चं नागानो ऑलिंपिक झालं. उपांत्य फेरीत कॅनडा, अंतिम फेरीत रशिया. हाशेकने गोल राखला आणि स्वोबोदाच्या एकमेव गोलावर चेक प्रजासत्ताकाने सुवर्ण नेलं. ज्या घराने 68 पाहिलं होतं, त्याला अंतिम सामना रशियाशी होता याचं वेगळं काय सांगावं!

मग घसरण. 2001 मध्ये तो वॉशिंग्टनला गेला, सात वर्षांचा 7 कोटी 70 लाख डॉलरचा, तोवर लीगमधला सर्वांत मोठा करार घेऊन. खेळ मात्र पैशाला जागला नाही. जानेवारी 2004 मध्ये वॉशिंग्टनने पगाराचा काही भाग स्वतः सोसून त्याला न्यूयॉर्क रेंजर्सकडे धाडलं. इतर कोणी असता तर कथा इथेच संपती. यागरने रेंजर्सच्या पहिल्याच पूर्ण हंगामात, 2005-06 मध्ये, 54 गोल आणि 123 गुण कमावले. दोन्ही त्या क्लबचे विक्रम. गुणांचं बक्षीस दोन गुणांनी हुकलं, थॉर्नटन 125 वर थांबला.

2008 मध्ये तो सैबेरियातल्या ओम्स्कला गेला. ऑक्टोबरमध्ये एका सामन्यात त्याच्याबरोबर खेळून बाकावर आलेला एकोणीस वर्षांचा अलेक्सेइ चेरेपानोव तिथेच कोसळला आणि दगावला.

तीन वर्षांनी, एकोणचाळिशीत, यागर अमेरिकेत परतला. माझ्या मते त्याची खरी थोरवी या उत्तरार्धात आहे. वेग गेला होता. उरली होती सहा फूट तीन इंचांची देहयष्टी, रुंद बैठक आणि लांब हात. पक कोपऱ्यात न्यायचा, बचावपटूकडे पाठ करायची, कंबर मागे रेटून त्याला तसाच लटकवत ठेवायचं आणि साथीदार मोकळा झाला की पास सोडायचा. समोरचा विशीतला, दुप्पट चपळ. पण यागरला ओलांडून पकपर्यंत पोचणंच अवघड. लहानपणी रोज हजार बैठका मारायचा तो, त्याचं हे व्याज. सामना संपून लोक घरी गेले की मध्यरात्री वजनं बांधून रिंकवर एकटाच स्केटिंग करण्याची त्याची सवयही प्रसिद्ध आहे.

न्यू जर्सीकडून त्याने जानेवारी 2015 मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, एका सामन्यात तीन गोल केले. लीगच्या इतिहासात इतक्या मोठ्या वयात हे कोणाला जमलं नव्हतं. पुढच्या हंगामात, फ्लोरिडाकडून खेळताना, त्या संघाचा सर्वाधिक 66 गुणांचा मानकरी तोच. त्याच्या ओळीतला सेंटर बार्कोव जन्मला त्याआधीच यागरने गुणांचं पहिलं बक्षीस घरी नेलं होतं. डिसेंबर 2016 मध्ये त्याने मार्क मेसिएचे 1887 गुण मागे टाकले. कॅलगरीत लीगमधली कारकीर्द आटोपली तेव्हा हिशेब होता 1733 सामने, 766 गोल, 1921 गुण. पुढे एकटा ग्रेट्स्की, 2857 वर. ओम्स्कची तीन वर्षं आणि 2004-05 मध्ये मालक-खेळाडूंच्या भांडणात बुडालेला अख्खा हंगाम यात धरलेला नाही. ग्रेट्स्की तरीही गाठता आला नसता, पण दोन हजारांचा टप्पा नक्कीच.

आणि मग क्लाद्नो. गावचा क्लब 2011 मध्ये यागरच्याच मालकीचा झाला. 2018 मध्ये तो परतला तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. 2019 च्या वसंतात वरच्या लीगमध्ये जाण्याच्या लढतीत सत्तेचाळीस वर्षांच्या मालकाने एका सामन्यात चार गोल ठोकले आणि संघ वर गेला. पुढच्याच हंगामात खाली आला, 2021 मध्ये पुन्हा वर. प्रायोजक आणि प्रेक्षक यायचे ते यागर बर्फावर दिसायचा म्हणून, हे त्याने कधी लपवलं नाही. पन्नाशी उलटल्यावरही तो उतरत राहिला तो बराचसा त्यासाठी. फेब्रुवारी 2024 मध्ये पिट्सबर्गने 68 ची जर्सी समारंभाने छताला टांगली आणि तो आकडा त्या संघात पुन्हा कोणाला मिळणार नाही असं जाहीर केलं. सत्कार आटोपून हा निवृत्त झाला असेल असं वाटावं, तर गडी परत क्लाद्नोच्या बाकावर, आपली पाळी यायची वाट बघत. प्रशिक्षकाची पंचाईत वेगळीच: पगार देणाऱ्याला बसवून ठेवायचं कसं?