धूसरपणाचा पोत

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पणती लावणाऱ्या बाईचा फोटो लेन्स पूर्ण उघडी ठेवून काढला, की मागच्या लाइटच्या माळेतला प्रत्येक दिवा पसरून चकती होतो. काही फोटोंत या चकत्या कडेला विरत गेलेल्या, एकमेकींत मिसळलेल्या असतात. काहींत त्यांना कंपासने आखल्यासारखी उजळ कड असते. कुठे त्या पंचकोनी होतात, तर कुठे कोपऱ्यांकडे जाताना चिंचोळ्या होत जातात. बाई तीच, दिवे तेच, अंतरही तेच. बदललेली असते ती लेन्स. फोकसमध्ये नसलेला भागही लेन्सच रेखाटते, आणि प्रत्येक लेन्सचा हात वेगळा असतो. जपानी छायाचित्रकार या गुणाला ‘बोके’ म्हणत. ‘फोटो टेक्निक्स’ या अमेरिकी नियतकालिकाने मार्च-एप्रिल १९९७च्या अंकात त्यावर लेख छापले, तेव्हा माइक जॉन्स्टन संपादक होते, आणि तिथून हा शब्द जगभर पसरला. आपल्याकडे लग्नाच्या हॉलपासून कॅमेऱ्याच्या दुकानापर्यंत ‘ब्लर’ म्हटलं की भागतं.

या ब्लरच्या मात्रेबद्दल आपण फार बोलतो, पोताबद्दल फार कमी. मात्रा फोकल लेंग्थ, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) आणि अंतरं यांवरून कागदावर काढता येते. पोत काचांच्या रचनेत ठरतो, आणि जाहिरातीतल्या आकड्यांत तो कुठेच सापडत नाही.

लेन्सच्या मधल्या भागातून येणारे किरण आणि कडेच्या भागातून येणारे किरण नेमके एकाच ठिकाणी मिळत नाहीत. याला गोलीय विपथन म्हणतात. आरेखक वेगवेगळ्या काचा जोडून ते दुरुस्त करतो. दुरुस्ती थोडी अपुरी ठेवली, तर फोकसच्या मागे असलेल्या दिव्याची चकती मध्यभागी उजळ आणि कडेला मवाळ होते. दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त झाली, तर प्रकाश कडेला गोळा होतो आणि चकतीला कडक किनार येते. दिव्यांचं एक वेळ चालून जातं. पण मागे वाळक्या काटक्या किंवा गवताची पाती असली, तर एकेका काटकीच्या दोन-दोन रेघा होतात आणि चेहऱ्यामागे एक विचित्र वळवळ सुरू होते. गंमत अशी, की फोकसच्या पुढच्या वस्तूंना हाच नियम उलटा लागू होतो. मागचं मऊ करणारी लेन्स पुढची फांदी कर्कश करते. एकाच रचनेत दोन्हीकडे लोण्यासारखा ब्लर मागणं म्हणजे प्रकाशशास्त्राशी भांडण आहे.

हे भांडण काही कंपन्यांनी खरोखर केलं. निकॉनने १९९०च्या दशकात १३५ आणि १०५ मिमीच्या ‘डीसी’ लेन्स आणल्या. त्यांवरचं एक कडं फिरवून मागचा ब्लर मऊ करायचा की पुढचा, हे छायाचित्रकार ठरवू शके. मिनोल्टाने १९९९मध्ये याहून धाडसी वाट धरली. त्यांच्या १३५ मिमी ‘एसटीएफ’ लेन्समध्ये कडेकडे क्रमाने गडद होत जाणारी एक काच बसवली होती. चकतीची कड तिथेच विरून जाई, मागेही आणि पुढेही. त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागली: अ‍ॅपर्चर एफ/२.८ (आकडा लहान तितकं छिद्र मोठं) असूनही प्रत्यक्ष आत येणारा प्रकाश एफ/४.५च्या लेन्सइतका, आणि ऑटोफोकस नाही. पुढे फुजीफिल्मने २०१४मध्ये ५६ मिमीच्या आणि सोनीने २०१७मध्ये १०० मिमीच्या लेन्समध्ये हीच युक्ती वापरली. इतका प्रकाश सोडून देऊन केवळ फोकसबाहेरच्या भागासाठी लेन्स बनवणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

बाकीची कारणं थोडक्यात. पंचकोनी चकत्या येतात त्या अ‍ॅपर्चरच्या पाच सरळ पात्यांमुळे. कॅननची जुनी ५० मिमी एफ/१.८ लेन्स, जी अनेकांची पहिली लेन्स होती, ती थोडी बंद केली की हमखास हे दिसे. २०१५च्या आवृत्तीत सात गोलसर पाती आली. कोपऱ्यांतल्या चिंचोळ्या चकत्या लेन्सची नळी तिरका प्रकाश अडवते म्हणून होतात. आरसे वापरणाऱ्या ५०० मिमीच्या लेन्समध्ये मधला प्रकाशच अडलेला असतो, त्यामुळे चकतीची पोकळ कडी होते. तळ्यावर चमकणाऱ्या उन्हात पक्षी टिपला, तर मागे अशा कड्यांचा सडा पडतो.

या दोषांचं सौंदर्य माणसाला फार लवकर दिसलं. १८४०मध्ये व्हिएन्नात योझेफ पेट्झव्हाल यांनी गणिताने आखलेली एफ/३.६ची पोर्ट्रेट लेन्स फोइग्टलेंडर कंपनीने बनवली. तोवरच्या लेन्सच्या मानाने ती कितीतरी जास्त प्रकाश आत घेई, म्हणून माणसाला खुर्चीत ताटकळत बसवण्याचा वेळ एकदम कमी झाला. मध्यभागी ती धारदार, कडेला मात्र ढळलेली, मागची पानं चेहऱ्याभोवती फिरल्यासारखी. कोलकात्यात १८१५मध्ये जन्मलेल्या छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरून यांना १८६३मध्ये मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला, तेव्हा त्यावरची लेन्सही याच घराण्यातली होती. फोकस फिरवता फिरवता चित्र डोळ्याला सुंदर वाटलं, की त्या तिथेच थांबत. आणखी धार आणायची इतरांची धडपड त्यांनी केली नाही, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. समीक्षकांनी त्यांना कारागिरी न येणारी बाई ठरवलं. १९३२मध्ये अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन आणि त्यांच्या छायाचित्रकार साथीदारांनी ‘एफ/६४’ या नावाने गट काढून सगळं चित्र लख्ख हवं असा आग्रह धरला, तोही अशाच मवाळ चित्रांच्या लाटेविरुद्ध.

ब्लरचा मला सर्वांत भावलेला वापर मात्र ब्लरसाठी केलेलाच नव्हता. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांना ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या चित्रपटातले अठराव्या शतकातले दिवाणखाने मेणबत्त्यांच्याच उजेडात टिपायचे होते. त्यासाठी त्यांनी झाइसच्या, मुळात नासासाठी बनलेल्या, ५० मिमी एफ/०.७च्या लेन्स मिळवल्या. फोकसची खोली इतकी कमी, की नट जरा पुढे झुकला तरी चेहरा हातचा जाई. म्हणून काटकोनात लावलेल्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर अंतर बघत फोकस सांभाळला गेला. त्या दृश्यांत मागचे लोक धूसर आहेत, पण ते कोण, कुठे बसलेत, त्यांच्यामागे किती ज्योती आहेत, हे सगळं कळतं. खोलीची हवा कळते.

माझी कसोटी हीच आहे: मागची जागा ओळखू आली पाहिजे. लग्नाच्या फोटोंत आज ‘बॅकग्राउंड उडवून टाक’ ही मागणी सर्रास असते. एफ/१.४वर जवळून काढलेल्या फोटोत नवरीची एक पापणी धारदार असते, कानाजवळच्या मुंडावळ्या पुसट होतात आणि मागे उभा असलेला मामा रंगाचा डाग होतो. वीस वर्षांनी अल्बम उघडणाऱ्याला तो मामा हवा असेल. एफ/२.८ किंवा एफ/४वर चेहरा तितकाच उठून दिसतो आणि मामाही राहतो.

फोनने हा प्रश्न वेगळ्याच टोकाला नेला. ५० मिमी एफ/१.८ लेन्सचं तोंड सुमारे २८ मिमी असतं, फोनच्या लेन्सचं मोजकेच मिमी. त्यामुळे फोनमध्ये एरवी जवळजवळ सगळंच फोकसमध्ये येतं. २०१६मध्ये आयफोन ७ प्लसने दोन कॅमेऱ्यांतल्या फरकावरून अंतर मोजून ब्लर रंगवायला सुरुवात केली. गूगलच्या पिक्सेल २ने पुढच्या वर्षी मागच्या एकाच कॅमेऱ्यावर ते साधलं. मोकळे केस, चष्म्याच्या काचा, खिडकीची जाळी यांच्या कडांवर हा हिशोब अजून अडखळतो. त्याहून खोल अडचण दिव्यांची आहे. सेन्सरवर पांढराफटक झालेला दिवा मुळात किती तेजस्वी होता ही माहितीच उरलेली नसते. तो नुसता पसरवला तर राखाडी होतो. खऱ्या लेन्समध्ये पसरणं आधी होतं आणि नोंद नंतर, म्हणून चकती उजळ राहते. फोन ती चमक अंदाजाने परत भरतो. हा अंदाज वर्षागणिक सुधारतो आहे, आणि घरच्या समारंभात फोनच हाताशी असतो, म्हणून त्याला नाकं मुरडण्यात मला अर्थ वाटत नाही. अंतराप्रमाणे हळूहळू वाढणारा ब्लर देणारे फोन बघून घ्यावेत. कापून चिकटवल्यासारखा चेहरा देणारे टाळावेत.

जुन्या लेन्सना मात्र याच काळात पुन्हा मागणी आली. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये बनलेली, झाइसच्या बायोटारवर बेतलेली हेलिओस-४४ तिच्या भोवऱ्यासारख्या पार्श्वभूमीसाठी लोक शोधतात. मायर-ऑप्टिकची ट्रायोप्लान १०० मिमी कडक किनारीच्या बुडबुड्यांसाठी, म्हणजे एकेकाळी दोष मानलेल्या गोष्टीसाठीच, महाग झाली. पेट्झव्हालची रचनाही लोमोग्राफीने २०१३मध्ये नव्याने बाजारात आणली.

मुंबईच्या बोरा बाजारात अशी एखादी लेन्स हाती आली, तर आधी बुरशी बघा, मग दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडचा दिवा मुद्दाम फोकसबाहेर ठेवून एक फोटो काढा आणि झाडाच्या फांद्या मागे ठेवून दुसरा. दोन्ही पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर आणि एक स्टॉप बंद करून. फांद्यांच्या दुहेरी रेघा दिसल्या, तर ती लेन्स भिंतीपुढच्या पोर्ट्रेटला चालेल. बागेत नेऊ नका.