एल्कला साद, वाऱ्यावर नजर

सप्टेंबर हा कोलोरॅडोच्या डोंगरांत एल्कच्या माजाचा महिना. सांबराच्या कुळातलं हे हरीण. नराचं वजन ३०० किलोंच्या पुढे, आरोळी मात्र शिळेसारखी चढत जाणारी. शिकारी टाळूला पातळ रबरी पडदा चिकटवून मादीचा बारीक आवाज काढतो. साद देणारा जोडीदार मागे बसतो, म्हणजे नराची नजर धनुष्यवाल्यावर रेंगाळत नाही. खरी कसोटी वाऱ्याची! पहाटे गार हवा उताराने खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते. नर बहुधा वळसा घालून वास घेत येतो. त्याचं डोकं झाडाआड गेलं, की तेवढ्यात दोरी ओढायची. आडवा उभा राहिला तरच बाण, नेम फुप्फुसांवर. नंतर निदान अर्धा तास जागचं हलायचं नाही. घाईने पाठलाग केला तर जखमी जनावर दूर पळतं.