आधी चौकट की आधी मजकूर?

नवी मुंबईकरांना आखणी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, आणि सेक्टर, रस्ते, प्लॉट आधी कागदावर आखले गेले. जुनी गावठाणं मात्र गरजेप्रमाणे, घराला घर लागून वाढली. वेबपेज तयार करतानाही असेच दोन मार्ग समोर असतात.

ज्यांनी क्लासमध्ये ड्रीमवीव्हर शिकलं, त्यांना ते आठवतील. मॅक्रोमीडिया कंपनीच्या या सॉफ्टवेअरमध्ये २००० साली ‘लेआउट’ पद्धत आली. माउसनं हवा तिथे चौकोन ओढायचा आणि त्यात मजकूर टाकायचा. दुसरी ‘स्टँडर्ड’ पद्धत. तिच्यात किती ओळी, किती रकाने हे आधी सांगून टेबल घालावं लागे. साहजिकच पहिली सोपी वाटे. पण ओढलेल्या त्या चौकोनांमागे सॉफ्टवेअर गुंतागुंतीचं टेबल रचत असे. पुढे अडोबनं हे सॉफ्टवेअर घेतलं आणि २००८ च्या आवृत्तीत लेआउट पद्धत काढून टाकली.

असं का झालं? शहरातला प्लॉट आज जेवढा, तेवढाच उद्या असतो. वेबपेजचा प्लॉट मात्र प्रत्येक वाचकागणिक बदलतो. एकाकडे मोठा मॉनिटर, दुसऱ्याच्या हातात मोबाइल; आजोबा अक्षर दुप्पट मोठं करून वाचणार. उंची ठरवून टाकलेल्या चौकोनात मराठीची तर जास्तच पंचाईत. वरचा रफार किंवा खालचा उकार कापला जाण्याची भीती असते.

आणि दृष्टिहीन वाचक? त्यांचं सॉफ्टवेअर पान मोठ्यानं वाचून दाखवतं, तेही मागच्या कोडमधल्या क्रमानं. समजा, सोसायटीच्या पानावर डाव्या चौकोनात सगळ्या सूचना आहेत आणि उजव्या चौकोनात त्यांच्या तारखा. डोळ्यांना जोडी लागते. कानांवर मात्र आधी ‘पाणी बंद, लिफ्ट बंद’ येतं आणि तारखा नंतर एकदम. मग पाणी कधी भरून ठेवायचं?

आजच्या वेबसाइट बनवण्याच्या साधनांतही काही ठिकाणी हवं तिथे ओढून ठेवण्याची सोय असते, तर काही ठिकाणी विभागांखाली विभाग रचण्याची. ओढाओढी कच्च्या आराखड्यापुरती ठेवावी. पक्कं पान रचताना आधी मजकूर क्रमानं लावावा: मथळा, सूचना, तिची तारीख. मांडणी नंतर स्टाइलच्या नियमांनी करावी. २०१७ पासून प्रमुख ब्राउझरमध्ये त्यासाठी ‘ग्रिड’ची सोयही आहे. टेबल वाईट नव्हे. बसचं वेळापत्रक टेबलातच शोभतं. नुसत्या सजावटीसाठी मात्र ते नको.

पान तयार झालं की तीन गोष्टी करून पाहा. खिडकी मोबाइलएवढी अरुंद करा, अक्षर दुप्पट करा आणि पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून ते सुरुवातीपासून ऐका. तिन्ही वेळा अर्थ लागला, तर तुमची निवड बरोबर आहे.