भरतीला जायचंय? मग फौजींना विचारा!

गावाचं नावच संग्रामपूर! संग्राम म्हणजे लढाई, हे तुम्हांला ठाऊक आहेच. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी हा तालुका आहे. डोंगराकडे सोनाळा, टुनकी ही गावं आणि अंबाबरव्याचं जंगल. खाली आलं की कपाशीची, तुरीची, सोयाबीनची वावरं. भल्या पहाटे वरवट बकालच्या रस्त्याला लागलात, तर अंधारात पळणारी पोरं भेटतील. कुणाच्या पायात बूट, तर कुणी अनवाणी. कशासाठी पळता, असं विचारायची गरज नसते. भरती!

पण नाव झुंजार असलं, तरी हा मुलूख काही फौजींचा मुलूख म्हणून प्रसिद्ध नाही. सातारा जिल्ह्यात आपशिंगे नावाचं गाव आहे. तिथून पिढ्यान् पिढ्या इतकी माणसं सैन्यात गेली, की गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्दच चिकटला. आपशिंगे मिलिटरी! अशा गावात भरतीचा सल्ला घरातच मिळतो. आजोबा सांगतात, काका सांगतात, सुट्टीवर आलेला दादा पळायला घेऊन जातो. आपल्याकडच्या पोरांना हे भाग्य सहसा मिळत नाही. त्यांना माहिती मिळते ती मोबाइलवरच्या व्हिडिओतून किंवा मित्राच्या मित्राकडून. त्यातली निम्मी जुनी असते, निम्मी चुकीची. म्हणून सैन्यात राहून आलेली माणसं भरतीविषयी नेहमी काय सांगतात, ते आज पाहू या.

पहिली गोष्ट ऐकून पळणाऱ्या पोरांना धक्काच बसतो. ते म्हणतात, आधी अभ्यास करा! पूर्वी मैदानात हजारो मुलं जमायची, पळायची, आणि त्यातून निवडलेल्यांची लेखी परीक्षा व्हायची. २०२३ पासून हा क्रम उलटा झाला आहे. आता आधी संगणकावर परीक्षा. तिच्यात पास झालात, तरच मैदानाचं बोलावणं. म्हणजे तुम्ही वाऱ्यासारखे पळत असाल, पण गणित आणि सामान्य विज्ञान कच्चं असेल, तर तुमचं पळणं कुणी पाहणारच नाही! जनरल ड्यूटी, म्हणजे साध्या जवानाच्या जागेसाठी दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ गुण लागतात. परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जातात, त्यामुळे ‘अंदाज पंचे’ महागात पडतो. २०२५ पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येऊ लागली, ही मात्र आपल्या फायद्याची गोष्ट.

आता मैदान. १६०० मीटर, म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाला ४ फेऱ्या. साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर ६० गुण. त्यानंतर पावणेसहा मिनिटांपर्यंत आलात तर ४८. म्हणजे पूर्ण गुण हवे असतील, तर एक फेरी सुमारे ८२ सेकंदांत मारायची, आणि तीही लागोपाठ चार वेळा. पहिली फेरी जीव तोडून पळणारा तिसऱ्या फेरीत हमखास बसतो, असं मैदान पाहिलेली माणसं सांगतात.

पळण्याच्या नादात पोरं बीम विसरतात. बीम म्हणजे आडव्या दांड्याला लटकून हनुवटी दांड्याच्या वर नेणं. १० बीमला ४० गुण, ६ बीमला अवघे १६. आता जरा हिशेब करा. एक मुलगा साडेपाच मिनिटांत आला, पण त्याने बीम मारले सहाच. त्याचे झाले ६० आणि १६, म्हणजे ७६. दुसरा दहा सेकंद उशिरा आला, पण त्याने पुरे दहा बीम मारले. त्याचे ४८ आणि ४०, म्हणजे ८८! शेवटी पुढे कोण? आणि बीमसाठी मैदान लागत नाही की महागडा क्लास लागत नाही. लिंबाची एखादी मजबूत आडवी फांदी पुरते. नऊ फुटी खड्डा आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं, ह्या दोन गोष्टींत फक्त पास व्हायचं असतं.

एक सूचना मात्र काळजीपूर्वक वाचा. भरतीची जाहिरात आली की महिनाभर डांबरी रस्त्यावर पळायचं आणि नडगीचं हाड दुखवून घ्यायचं, हा अगदी नेहमीचा प्रकार. तयारी सहा-आठ महिने आधी, मातीच्या वाटेवर, हळूहळू वाढवत करायची असते. संग्रामपूरचा बराचसा भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचं, बोअरचं पाणी खारं असतं. उन्हाळ्यात घाम गाळायचा असेल तर गोड, स्वच्छ पाणी कुठून आणि किती मिळेल, याचा विचार आधी करा. आणि ताकद वाढावी म्हणून कुणी इंजेक्शन किंवा गोळी देऊ केली, तर त्याला लांबूनच रामराम!

यानंतर येतं मेडिकल, आणि इथे पुष्कळ मुलं अगदी साध्या कारणांनी अडकतात. कानात मळ, किडलेले दात, सपाट तळवे, एकमेकांना घासणारे गुडघे, कमी दिसणं. त्यातले कान आणि दात आधी दाखवले तर दुरुस्त होतात. म्हणून भरतीच्या आधीच एकदा सरकारी दवाखान्यात जाऊन यायचं. कानात काडी घालून स्वतःच मळ काढत बसायचं नाही हं! गोंदणाचाही नियम आहे. कायमचं गोंदण हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, किंवा तळहाताच्या मागे चालतं. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या चालीरीतीनुसार सूट आहे. सातपुड्यातल्या गावांतल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. पण जत्रेत हौसेने मानेवर विंचू गोंदवून घेणाऱ्याला मात्र घरी परतावं लागतं.

आणि कागदपत्रं! दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधार कार्डावर दुसरं. वडिलांचं नाव एकीकडे ‘रामराव’, दुसरीकडे नुसतं ‘राम’. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही, पण भरतीच्या रांगेत तोच फरक डोंगराएवढा होतो. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, चारित्र्याचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, हे सगळं आदल्या रात्री गोळा होत नसतं. बुलढाणा जिल्ह्याची भरती छत्रपती संभाजीनगरच्या सैन्य भरती कार्यालयाकडे आहे. मेळावा कुठल्या गावी, हे दर वेळी प्रवेशपत्रावर पाहायचं. तिथे पोहोचल्यावर एक दाखला घरी राहिल्याचं कळलं, तर संग्रामपूरला परत येऊन तो नेणार कसा?

‘साहेबांची ओळख आहे, दोन-तीन लाखांत काम करून देतो’ म्हणणारी माणसं भरतीच्या हंगामात उगवतात. त्यांच्याविषयी सगळेच फौजी एकच सांगतात: फसवणूक! खोटं वाटत असेल तर ऐका. फेब्रुवारी २०१७ मध्ये सैन्यभरतीचा पेपर फुटल्याचं ठाणे पोलिसांनी उघडकीला आणलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुण्यात पुन्हा तसंच झालं आणि देशभरातली परीक्षा रद्द करावी लागली. प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या मुलांचंही त्यात नुकसान झालं. वावर गहाण टाकून दलालाला पैसे देणाऱ्याची तर गोष्टच नको.

समजा, निवड झाली. काळी पत्र्याची पेटी घेऊन तुम्ही प्रशिक्षण केंद्रावर गेलात. बेळगाव, सागर, नाशिक रोड, खडकी, कुठेही. तिथे शिकवणाऱ्याला ‘सर’ नव्हे, ‘उस्ताद’ म्हणतात. नव्या पोराला म्हणतात ‘रंगरूट’. चूक झाली की मिळतो तो ‘रगडा’! म्हणजे कोलांट्या, रांगणं, बंदूक डोक्यावर धरून पळणं. एकाने बिछाना नीट घातला नाही, तर कधी कधी रगडा सगळ्या खोलीला. आपल्याला हा अन्यायच वाटेल, नाही का? पण तिथे राहिलेले लोक हसून सांगतात, की त्यामुळेच शेजारच्या खाटेवरच्या मुलाची काळजी घ्यायची सवय लागते. बोलणं सगळं हिंदीत. वऱ्हाडी बोलणाऱ्या पोराला सुरवातीचे काही दिवस जीभ अडखळल्यासारखं होतं. घरची आठवण येते, रडू येतं. त्याची लाज वाटू देऊ नका, बहुतेकांना येतं. मग एखाद्या दिवशी ‘बडा खाना’ असतो, साहेबलोकही जवानांबरोबर जेवतात. आणि शेवटी कसम परेड. आईवडील पाहायला येतात ते तिथे.

आता जे सांगायचं आहे, ते भरतीच्या जाहिरातीतल्या चित्रात दिसत नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं पिंपळगाव सराई हे गाव सैलानी बाबांच्या यात्रेमुळे सगळ्यांना माहीत आहे. तिथला अक्षय लक्ष्मण गवते हा अग्निवीर ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. मोहिमेवर प्राण गमावणारा देशातला पहिला अग्निवीर म्हणून वर्तमानपत्रांत त्याचं नाव आलं. सियाचीनवर १९८४ पासून आपलं सैन्य उभं आहे. काही चौक्या २० हजार फुटांच्याही वर आहेत. हिवाळ्यात पारा उणे ५० अंशांच्या खाली जातो. हवेत प्राणवायू इतका विरळ, की चार पावलं चालून दम लागतो. तिथे जवान गमावले गेले, ते शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, उंचीने आणि हिमकड्यांनी जास्त. सैन्यात जाणं म्हणजे अशा जागी जाण्याची तयारी ठेवणं. सिनेमातली लढाई दोन तासांत संपते. ही महिनोन् महिने चालते आणि समोर शत्रू दिसतही नाही.

अक्षयच्या मृत्यूनंतर सैन्याने जाहीर केलं, की कुटुंबाला विम्याचे ४८ लाख, सानुग्रह मदतीचे ४४ लाख, उरलेल्या सेवाकाळाचा पगार आणि आणखी काही रकमा मिळतील. पण कायम सेवेतल्या जवानाच्या घरच्यांना जे निवृत्तिवेतन मिळतं, ते अग्निवीर योजनेत नाही. यावर तेव्हा देशभर वाद झाला. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा; पण अर्ज भरण्याआधी हा फरक तुम्हांला आणि तुमच्या आईवडिलांना माहीत असायलाच हवा.

कारण २०२२ पासून साध्या जवानाची भरती अग्निवीर म्हणूनच होते, साडेसतरा वर्षांपासून पुढच्या तरुणांची. मुदत ४ वर्षं. पहिल्या वर्षी महिन्याला ३० हजार रुपये पगार, पण त्यातले ९ हजार सेवानिधीत जातात आणि हातात २१ हजार येतात. निधीत सरकारही तेवढीच भर घालतं. चार वर्षांनी व्याजासह साधारण पावणेबारा लाख मिळतात. मग १०० पैकी जास्तीत जास्त २५ जणांना कायम ठेवण्याची तरतूद. बाकीचे घरी. वय फार तर बावीस-पंचवीस!

म्हणून अनुभवी माणसं मुलांना विचारतात, ‘पाचव्या वर्षी काय करणार?’ ह्या प्रश्नाचं उत्तर दहावीतच शोधायला लागायचं. सैन्यात असताना बारावीच्या बरोबरीचं प्रमाणपत्र मिळवण्याची सोय आहे, ती सोडायची नाही. गाडी चालवणं, दुरुस्ती, वायरलेस, हिशेब, जे शिकायला मिळेल ते शिकून घ्यायचं. सीआरपीएफसारख्या दलांत माजी अग्निवीरांसाठी राखीव जागा आहेत, पण जागा राखीव म्हणजे नोकरी हातात आली असं नव्हे. आणि मिळालेल्या पैशांचं काय? निदान पहिल्याच महिन्यात मोटारसायकल घेऊ नका, हा सल्ला मला फार पटला!

सीआरपीएफचं नाव निघालं म्हणून सांगते. ते सैन्य नव्हे बरं का. सैन्य संरक्षण मंत्रालयाचं, सीआरपीएफ गृह मंत्रालयाचं. भरती वेगळी, परीक्षा वेगळी, धावही वेगळी: मुलांना ५ किलोमीटर, २४ मिनिटांत. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात हुतात्मा झालेले मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड हे सीआरपीएफचे जवान होते. दोघेही आपल्या बुलढाण्याचे.

मुलींनो, तुम्ही म्हणाल, हे सगळं पोरांचंच! तसं आता राहिलेलं नाही. सैन्याच्या मिलिटरी पोलिसांत जवान म्हणून मुली घेतल्या जातात. पहिली ८३ जणींची तुकडी मे २०२१ मध्ये बंगळुरूला तयार होऊन बाहेर पडली. खडकवासल्याच्या एनडीएचं दार २०२२ मध्ये उघडलं आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली तिथून उत्तीर्ण झाल्या. अधिकारी व्हायचं स्वप्न असेल, तर दहावीत असतानाच चौकशी करा. छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट १९७७ पासून मुलांना एनडीएसाठी तयार करते. मुलींसाठी २०२३ पासून नाशिकला तशीच सोय झाली आहे. संग्रामपूरच्या किती शाळांत हे फळ्यावर लिहिलं गेलं असेल?

काही देशांत, उदाहरणार्थ दक्षिण कोरियात, तरुणांना सैन्यात जावंच लागतं. आपल्याकडे सक्ती नाही. आपण आपल्या मनाने जातो. म्हणून विचारून, माहिती घेऊन जायचं. बुलढाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे माजी सैनिकांची कामं चालतात, तेव्हा बोलायला माणसंही भेटतात. आणि गावात कुणी फौजी सुट्टीवर आला, तर ‘किती शत्रू मारले?’ असं विचारू नका. ते त्यांना आवडत नाही, आणि तुमच्या उपयोगाचंही नाही. विचारा, की पहिल्या रात्री केंद्रावर झोप लागली का? पेपरात काय अवघड गेलं? मेडिकलला कुठे अडलं? घरी पैसे किती पाठवता? आणि त्या काळ्या पेटीत घरून काय काय नेलं होतं, त्यातलं काय खरंच उपयोगी पडलं?